इंग्रजी शब्दयुग्में आणि आपला विवेक

इंग्रजी भाषेशीं ज्याचा परीक्षेसाठीं, पोटासाठीं किंवा निव्वळ आवडीनें संबंध आला आहे, अशा मराठी वाचकाच्या हातीं एका ठराविक जातीचें पुस्तक केव्हां ना केव्हां येतेंच. अशा पुस्तकांचीं नांवें निरनिराळीं असतात. अंतरंग बहुधा एकच असतें. डाव्या बाजूस एक शब्द, उजव्या बाजूस त्याच्यासारखाच दिसणारा किंवा ऐकूं येणारा दुसरा शब्द, खालीं प्रत्येकाचा एकेका ओळींत अर्थ, आणि दोहोंचा घोटाळा होऊं नये म्हणून एखादें वाक्य. विद्यार्थी ती यादी पाठ करतो, परीक्षेच्या दिवशीं त्यांतील निम्मी त्याला आठवते, आणि वर्ष लोटलें कीं तो पुन्हां त्याच जागीं अडखळतो. याचा दोष त्याच्या स्मरणशक्तीला दिला जातो. आमच्या मतें तो पुस्तकाचा आहे. दोन शब्द निराळे आहेत एवढेंच तें सांगतें. ते निराळे कां झाले, आणि निराळे राहण्याची गरज कोणाला आहे, याविषयीं तें मौन धरतें. ज्या भेदाचें कारण ठाऊक नाहीं तो भेद मनांत ठरत नाहीं. शिवाय, कोणता भेद जिवापाड जपावा आणि कोणता सोडून दिला तरी भाषेचें कांहीं बिघडणार नाहीं, हा निर्णयही केवळ पाठांतरानें करतां येत नाहीं. तो निर्णय कोणत्या कसोटीनें करावा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा ग्रंथांत सर्वांत मान पावलेला ग्रंथ म्हणजे हेन्री वॉटसन फाउलर यांचा १९२६ सालीं प्रसिद्ध झालेला 'डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' हा होय. फाउलर कित्येक वर्षें शाळामास्तर होते. त्यांनीं आपले बंधु फ्रान्सिस यांच्या सहकार्यानें 'द किंग्ज इंग्लिश' हें पुस्तक १९०६ सालीं आणि 'कन्साइज ऑक्सफर्ड' हा कोश १९११ सालीं तयार केला. १९१८ सालीं फ्रान्सिस वारले. पुढें निघालेला हा मोठा ग्रंथ हेन्रींनीं एकट्यानें पुरा केला व बंधूंनाच अर्पण केला. १९६५ सालीं गॉवर्स यांनीं, १९९६ सालीं बर्चफील्ड यांनीं आणि २०१५ सालीं बटरफील्ड यांनीं त्याचें संस्करण केलें. तरीही २००९ सालीं मूळची पहिली आवृत्ति पुन्हां छापावीशी प्रकाशकांना वाटली, यावरून तिची गोडी ओसरली नाहीं हें उघड आहे. या ग्रंथांत आपल्या विषयाचे दोन लेख आहेत. एकाचें नांव 'पेअर्स अँड स्नेअर्स', म्हणजे जोड्या आणि फांसे. ती घोटाळ्याच्या शब्दांची यादी आहे. दुसऱ्याचें नांव 'डिफरेन्शिएशन'. त्याला आपण अर्थविभाग म्हणूं. मागाहून आलेल्या पुस्तककारांनीं पहिल्या लेखाचें अनुकरण मन लावून केलें. दुसऱ्याकडे बहुतेकांनीं पाहिलें नाहीं. आणि खरें धन तर तेथेंच आहे.

अर्थविभागाविषयीं फाउलर यांचें सांगणें थोडक्यांत असें: दोन शब्द प्रथम दोन्ही अर्थांनीं चालत असतात, कालांतरानें एक अर्थ एकाच्या वांट्यास जातो, दुसरा दुसऱ्याच्या. ही क्रिया भाषेला समृद्ध करणारी असून लेखकांनीं तिला हातभार लावावा. आपल्या परिचयाच्या भाषेंत बोलावयाचें तर ही एकत्र कुटुंबांतील वांटणी आहे. इंग्रजींत फुलाला 'फ्लावर' म्हणतात आणि पिठालाही उच्चारांत 'फ्लावर'च म्हणतात; लिहितांना मात्र अक्षरें निराळीं. यादी पाठ करणारा हे दोन परके शब्द समजतो. वस्तुतः शब्द एकच. धान्य दळून चाळल्यावर जो उत्तम, बारीक अंश निघतो तें त्या धान्याचें फूल, अशी ती मूळची कल्पना आहे. जॉन्सन यांच्या १७५५ च्या प्रख्यात कोशांत पिठासाठीं निराळें लेखन मान्य केलेलें नाहीं. वांटणी पक्की झाली ती त्यानंतर. ही गोष्ट एकदां ऐकली कीं तो भेद पुन्हां पाठ करावा लागत नाहीं. आपल्याकडेही अशा वांटण्या झालेल्या आहेत. 'गर्भिणी' या संस्कृत शब्दापासूनच 'गाभण' हा शब्द आला. परंतु आज मराठींत पहिला स्त्रीकडे गेला आणि दुसरा गाईम्हशींकडे. त्यांची अदलाबदल करणाऱ्यास व्याकरण शिकवावें लागत नाहीं. ऐकणारांच्या चेहऱ्यावरूनच त्याला आपली चूक कळते.

इंग्रजी शब्दांचा हा वंशवृक्ष पाहतांना संस्कृत जाणणाऱ्यास तर वारंवार ओळखीचीं माणसें भेटतात. 'डिस्क्रीट' हा शब्द घ्या. नागरींत तो एकच दिसतो, कारण आपली लिपि ध्वनि लिहिते. इंग्रजींत मात्र त्याचीं दोन रूपें आहेत. एकांत दोन 'ई' शेजारीं बसतात, आणि त्याचा अर्थ बोलण्याचालण्यांत तारतम्य राखणारा असा होतो. दुसऱ्यांत त्याच दोन 'ई'मध्यें 'टी' येऊन त्यांना अलग करतो, आणि अर्थही सुटें, अलग असाच होतो. ही खूण लक्षांत ठेवण्यास सोयीची आहे खरी. पण तिनें हें कळत नाहीं कीं तारतम्य आणि सुटेपणा यांचा संबंध काय. संबंध लॅटिनमध्यें आहे. दोन्ही रूपें ज्या क्रियापदापासून आलीं त्याचा अर्थ चाळून वेगळें करणें असा आहे. आतां आपला 'विवेक' पाहा. त्याचा मूळ धातु 'विच्', आणि त्याचाही अर्थ वेगळें करणें, विशेषतः पाखडून कोंड्यापासून धान्य निराळें करणें, असाच आहे. त्याच धातूपासून 'विविक्त' म्हणजे एकांतांतला, अलग. आणि त्याच धातूपासून 'विवेकी' म्हणजे सारासार जाणणारा. रोमन शेतकऱ्याच्या चाळणींतून आणि आर्य शेतकऱ्याच्या सुपांतून एकच कल्पना निघाली, आणि दोन्हीकडे तिचीं तशींच दोन अपत्यें झालीं. ज्याला विवेकी आणि विविक्त यांतील अंतर समजतें त्याला 'डिस्क्रीट'चीं दोन रूपें शिकविण्यास दोन मिनिटें पुरेत.

'स्टेशनरी'चेंही तसेंच. 'ए' अक्षराचा शब्द स्थिर वस्तूचा वाचक, 'ई' अक्षराचा कागद-दौतींचा. दोहोंच्या मुळाशीं उभें राहण्याच्या अर्थाचा लॅटिन धातु आहे. तो आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ. मध्ययुगांत बहुतेक व्यापारी माल डोक्यावर वा पाठीवर घेऊन गांवोगांव हिंडत. पुस्तकांचा व्यापारी मात्र एका जागीं ठाण मांडून बसे, म्हणून तो 'स्टेशनर' झाला, आणि त्याच्या दुकानांतला माल 'स्टेशनरी' झाला. लंडनमधील या व्यावसायिकांच्या संघाला १५५७ सालीं राजाज्ञेची सनद मिळाली. म्हणजे कागदाच्या दुकानाचें नांव त्या दुकानदाराच्या स्थैर्यावरून पडलें आहे. हल्लीं लेखनांतील चुका हुडकून देणारीं यंत्रें प्रत्येकाच्या हातीं आलीं आहेत, तेव्हां हें सारें कशाला, असें कोणी विचारील. या यंत्रांना अक्षरांची चूक चटकन सांपडते. पण जेथें अक्षरें निर्दोष आणि शब्दच भलता, तेथें यंत्राचा निर्वाळा नेहमीं विश्वासावा असा नसतो. आणि त्यानें दुरुस्ती सुचविलीच, तरी ती स्वीकारावी कीं टाकावी हें ठरविणारा शेवटीं माणूसच असतो.

येथवर ज्या जोड्या पाहिल्या त्या इंग्रजांनाही नडतात. पण मराठी माणसाला नडणाऱ्या कांहीं जोड्या निराळ्याच आहेत, आणि आमचा या पुस्तकांवर मुख्य आक्षेप हा कीं, तीं इंग्रजांच्या चुकांवर बेतलेलीं असून जशींच्या तशीं आपल्या हातीं दिलीं जातात. आपल्या चुका आपल्या भाषेंतून निघतात. उन्हाच्या वेळीं आपण झाडाच्या सावलींत बसतों आणि दिव्यापुढें आपली सावली भिंतीवर पडते. इंग्रजाला पहिली 'शेड', दुसरी 'शॅडो'. हीं दोन्हीं जुन्या इंग्रजींतील एकाच नामाचीं रूपें. एक प्रथमेपासून आलें, दुसरें इतर विभक्तींपासून. तेथें वांटणी झाली. आपल्या 'सावली'ची झाली नाहीं. म्हणून आपला विद्यार्थी झाडाच्या 'शॅडो'त विश्रांति घेतो. 'ऐतिहासिक नाटक' आणि 'ऐतिहासिक दिवस' या दोहोंना आपल्याला एकच विशेषण पुरतें. इंग्रजींत इतिहासाविषयींचें तें 'हिस्टॉरिकल', आणि इतिहासांत नोंदलें जावें अशा योग्यतेचें तें 'हिस्टॉरिक'. पैसे उसने देणें आणि उसने घेणें यांत आपण 'उसने' हा शब्द कायम ठेवून पुढील क्रियापद बदलतों. इंग्रजींत देणाऱ्याची क्रिया 'लेंड' आणि घेणाऱ्याची 'बॉरो', अशीं दोन स्वतंत्र क्रियापदें आहेत. म्हणून आपल्या मुलाला मित्राकडून पुस्तक हवें असतें, पण तो म्हणून जातो कीं पुस्तक मला 'बॉरो' कर. जो ग्रंथ मराठी वाचकासाठीं लिहावयाचा त्याचा आरंभ अशा ठिकाणीं झाला पाहिजे. आपल्या भाषेंत एका शब्दाखालीं किती अर्थ नांदतात याची मोजदाद प्रथम करावी, आणि मग परभाषेंत त्यांचीं किती बिऱ्हाडें आहेत तें पाहावें.

आतां दुसरी बाजू. प्रत्येक भेद राखण्यायोग्य असतो काय? येथें फाउलर यांच्याशीं आमचा मतभेद आहे. वांटणी भाषेला हितकारक, हें खरें. पण ती कुटुंबानें करावी, पंचानें घरांत शिरून लादूं नये. 'मास्टरली' म्हणजे कौशल्याचें, आणि 'मास्टरफुल' म्हणजे हुकमत गाजविणारें, एवढेच अर्थ त्यांनीं ग्राह्य धरले. परंतु दुसरा शब्द कौशल्याच्या अर्थानेंही कित्येक शतकें चालत आलेला होता आणि आजही चालतो. फाउलर यांना ती वांटणी नीटनेटकी वाटली, एवढाच तिचा आधार. 'लेस' आणि 'फ्यूअर' यांचीही तीच कथा. मोजतां येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर', न मोजतां येणाऱ्यांना 'लेस', हा नियम शाळांतून मोठ्या करारीपणानें शिकवितात. पण राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे नवव्या शतकापासून, 'लेस' हा शब्द मोजण्याच्या वस्तूंनाही लागत आलेला आहे. १७७० सालीं रॉबर्ट बेकर नांवाच्या ग्रंथकारानें अशा ठिकाणीं 'फ्यूअर' आपल्याला अधिक बरा वाटतो, अशी आवड बोलून दाखविली. त्या आवडीचा पुढें कायदा झाला. आपण 'कमी पाणी' म्हणतों आणि 'कमी माणसें' म्हणतों. त्यामुळें कोणाचा गैरसमज झाल्याचें ऐकिवांत नाहीं. परीक्षेंत गुण जाऊं नयेत म्हणून हा नियम अवश्य पाळावा. मात्र तो मोडणाऱ्यास अडाणी समजूं नये.

याच्या उलट 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' हे शब्द पाहा. बोलणारा एखादी गोष्ट उघड न बोलतां सुचवितो, तें 'इम्प्लाय'. ऐकणारा बोलण्यावरून अनुमान काढतो, तें 'इन्फर'. जुन्या इंग्रज लेखकांनीं दुसरा शब्द पहिल्याच्या अर्थानेंही वापरलेला आहे, आणि म्हणून हाही शाळामास्तरांचाच खेळ आहे असें म्हणणारे विद्वान आहेत. आम्हांला तें पटत नाहीं. साहित्यशास्त्र वाचलेल्या मराठी वाचकाला हा भेद क्षुल्लक वाटणें शक्यच नाहीं. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें शब्दाला व्यंजनेची शक्ति आहे असें प्रतिपादिलें. अकराव्या शतकांत महिमभट्टानें 'व्यक्तिविवेक' लिहून उत्तर दिलें कीं, ज्याला तुम्ही ध्वनि म्हणतां तें वस्तुतः अनुमानच आहे. अर्थ बोलण्यांत असतो कीं ऐकणाऱ्याच्या तर्कांत, हा त्या वादाचा एक गाभा होता. ज्या दोन कल्पनांवरून काश्मिरी पंडितांनीं ग्रंथ रचले त्या एका शब्दाखालीं कोंबल्या, तर तो वाद इंग्रजींत मांडतांच येणार नाहीं. रोजच्या व्यवहारांतही हा भेद जबाबदारीचा आहे. 'तुम्हीं मला चोर म्हटलें' आणि 'तुम्हांला मी चोर म्हणतों असें वाटलें' या दोन वाक्यांत अपराधी निरनिराळा आहे.

परंतु ज्या जोडीकरितां आम्हीं हा लेख लिहावयास घेतला ती अद्याप राहिली आहे: 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड'. घोटाळ्याचें मूळ 'इंटरेस्ट' या एका शब्दांत आहे. त्याचा एक अर्थ हितसंबंध, दुसरा अर्थ गोडी किंवा रस. ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाहीं तो पहिला; ज्याला रस नाहीं तो दुसरा. न्यायाधीश पहिला असावा आणि दुसरा मुळींच नसावा. वादी-प्रतिवादींपैकीं कोणाच्याही जयानें त्याला लाभ होऊं नये, आणि तरीही दोघांचें म्हणणें त्यानें कान देऊन ऐकावें, हीच न्यायासनाकडून अपेक्षा असते. आज मात्र 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द कंटाळलेल्या माणसाला सर्रास लावला जातो. यावर इतिहासाची साक्ष काढावी तर ती आपल्या पक्षाला अनुकूल नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं जॉन डन यानें तो शब्द याच बेफिकिरीच्या अर्थानें वापरला आहे, आणि त्या काळीं निःपक्षपातीपणासाठीं 'अनइंटरेस्टेड' चालत असे. म्हणजे दोघांनीं मधल्या काळांत घरेंच बदललीं. तेव्हां जुनें तें शुद्ध, या न्यायानें आपल्याला बोलतां येणार नाहीं. भेद राखावा तो जुना आहे म्हणून नव्हे, तर त्याची गरज आहे म्हणून.

ही गरज किती खरी आहे याचें प्रमाण आपल्याच घरांत सांपडतें. 'उदासीन' या शब्दाचा मूळ अर्थ अलग बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायांत भक्ताच्या लक्षणांत तो येतो; तेथें तो स्तुतीचा आहे, आणि दक्ष या विशेषणाच्या शेजारीं बसलेला आहे. पक्षपात न करणारा आणि तरीही दक्ष, असा तो पुरुष. आज मराठींत कोणाला उदासीन म्हणा. तो खिन्न तरी ठरेल नाहीं तर बेफिकीर तरी. सार्वजनिक कामाविषयीं लोक उदासीन आहेत, ही आपली नित्याची तक्रार आहे. 'तटस्थ' म्हणजे कांठावर उभा असलेला. त्याचीही पावलें त्याच वाटेनें वळूं लागलीं आहेत, आणि अन्याय पाहून स्वस्थ बसणाऱ्याला आपण तटस्थ म्हणूं लागलों आहों. लंडनमध्यें लॅटिन वळणाच्या शब्दाचें जें झालें तेंच पुण्यामुंबईंत संस्कृत शब्दाचें झालें. हा योगायोग नव्हे. स्वतःचा लाभ नसतांना कोणी एखाद्या गोष्टींत मन घालील, यावर माणसाचा सहसा विश्वास बसत नाहीं. लाभ नाहीं ना? मग आस्थाही नसणार, असें तो धरून चालतो. आणि ही शंका हळूहळू शब्दाच्या अर्थांत मुरते. निःपक्षपातीपणाचे शब्द बेफिकिरीकडे घसरतात तें असें. म्हणून हा भेद राखणें ही केवळ शुद्धलेखनाची बाब राहत नाहीं. ज्या समाजापाशीं या गुणासाठीं हातचा शब्द उरला नाहीं त्याला तो गुण मागतांही नीट येणार नाहीं.

तेव्हां कोणतीही जोडी पुढें आली म्हणजे वाचकानें तीन प्रश्न विचारावे. हे दोन शब्द कोठून आले? त्यांची वांटणी बोलणाऱ्यांनीं केली कीं कोण्या एका ग्रंथकारानें? आणि ती मोडली तर सांगण्याजोगी कोणती गोष्ट सांगतां येईनाशी होईल? पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्मरणाला मदत करील, दुसऱ्याचें वृथा अभिमान उतरवील. निकाल मात्र तिसऱ्यावर द्यावा. या कसोटीला 'लेस' आणि 'फ्यूअर' यांचा भेद उतरत नाहीं, 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' यांचा उतरतो, आणि 'डिसइंटरेस्टेड'साठीं तर भांडावें. कोणी मराठी अभ्यासकानें आपल्या विद्यार्थ्यांसाठीं या रीतीनें शब्दयुग्मांचें पुस्तक लिहिलें तर तें यादीपेक्षां जाड होईल यांत शंका नाहीं. पण पाठ करण्याचें काम त्यांत फार थोडें उरेल. तोंपर्यंत सूप ज्याचें त्यानेंच हातीं घ्यावें. कोंडा कोणता आणि दाणा कोणता, हें पाखडल्यावांचून कळत नाहीं.